चोरओटी आणि हजेरीपट

आपल्याकडे घरातील सून गरोदर राहिली की तिसऱ्या महिन्यात तिची चोरओटी भरतात. नावाप्रमाणेच हा कार्यक्रम गाजावाजा न करता होतो. सासू, आई, एखादी जाऊ किंवा नणंद, एवढ्याच बायका जमतात. डोहाळजेवण मात्र सातव्या महिन्यात, सर्वांना बोलावून. वडोदऱ्यात पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांनी हा रिवाज जपला आणि शेजारच्या गुजराती घरांतील खोळो भरण्याच्या समारंभाशी त्याचे नातेही सहज जुळले. बातमी कोणाला आधी सांगायची आणि कोणाला मागाहून, याचा क्रम या चालीरीतींनी घालून दिला आहे. त्या क्रमात नोकरीच्या ठिकाणच्या मालकाला मात्र कोठेच स्थान नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी दीर्घकाळ या शहरात व्यवसाय करीत आहे. गर्भ राहिल्याचे निश्चित झाले की पूर्वी पहिला प्रश्न येई, "डॉक्टर, तारीख कोणती?" आता त्यामागोमाग दुसरा येतो, "ऑफिसात केव्हा सांगू?" बँकेत परिवीक्षाधीन असलेली मुलगी, खासगी शाळेतील शिक्षिका, औषधकंपनीची प्रतिनिधी, कंत्राटावरील परिचारिका, सगळ्यांच्या मनात हीच धास्ती. कोणाची बढती तोंडावर असते, कोणाचे कंत्राट मार्चअखेर संपणार असते. अशा वेळी हळूच एक विनंती येते, "उलट्यांमुळे चार दिवस जाता येणार नाही, पण सर्टिफिकेटवर विषाणुजन्य ताप असं लिहाल का?"

खोटे निदान मी लिहीत नाही आणि कोणत्याही सहव्यावसायिकाने ते लिहू नये. मात्र 'वैद्यकीय कारणास्तव चार दिवस विश्रांती आवश्यक' एवढे लिहिण्यास कसलीच आडकाठी नाही. निदान ही रुग्णाची गोष्ट आहे, ती तिच्या संमतीवाचून उघड न करणे हे आपले कर्तव्यच आहे. पण या विनंतीमागचे भय केवळ सर्टिफिकेटने जात नाही, हे मला माझ्याच शुश्रूषागृहात कळले.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शस्त्रक्रियागृहात मदतनीस म्हणून एक मराठी मुलगी होती. कामात चोख, मितभाषी. बाहेरून येणारे अस्थिशल्यविशारद सी-आर्म यंत्राखाली शस्त्रक्रिया करीत, तेव्हा ती शिशाचा एप्रन घालून त्यांच्या शेजारी उभी असे. एके दिवशी तो एप्रन तिच्या पोटाशी नीट बांधता येईना, म्हणून मी तिच्याकडे निरखून पाहिले. तिला पाचवा महिना लागला होता. दिवसाला तीसचाळीस गर्भवती तपासणाऱ्या मला माझ्याच शस्त्रक्रियागृहातील गर्भवती ओळखू आली नव्हती.

मी रागावले. "अगं, निदान मला तरी सांगायचंस!" ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी रिसेप्शनवरच्या ताईंनी सांगितलं, तेव्हा तुम्ही त्यांना घरी पाठवलंत. मग मी कशी सांगणार?"

मला उत्तर सुचले नाही. त्या स्वागतिकेला मी मोठ्या मायेने म्हटले होते, "आता घरी राहा, विश्रांती घे, बाळ झाल्यावर ये." ती आली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी बसत होती आणि तिला काढणे मला जिवावर आले. माझ्या लेखी तो आपलेपणा होता. बाकीच्या मुलींनी मात्र त्यातून एकच धडा घेतला होता, की मॅडमना सांगितले तर नोकरी जाते.

त्या मदतनीस मुलीचे बाळ सुखरूप जन्मले. एप्रन घातला, अंतर राखले, तर गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सार सामान्यतः अत्यल्प असतो, हेही खरे. परंतु तिच्या मौनातील वैद्यकीय धोका आपल्यासारख्यांनी तरी ओळखायला हवा. गर्भाच्या अवयवांची मूळ घडण गर्भधारणेनंतर साधारणपणे तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. म्हणजे 'तीन महिने कोणाला सांगू नये' या रिवाजाने जो काळ झाकला जातो, नेमका तोच काळ सर्वांत नाजूक असतो. कर्करोगावरील औषधे हाताळणारी परिचारिका, भूल देताना निसटणाऱ्या वायूंमध्ये तासन् तास उभी राहणारी साहाय्यक, गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांच्या रुग्णांजवळ वावरणारी सिस्टर, क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ, या सर्वांच्या बाबतीत चौथ्या महिन्यात मिळालेली माहिती उशिरा आलेली असते.

किरणोत्साराच्या क्षेत्रात हे तत्त्व मान्य झालेले आहे. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रौढ कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. गर्भारपण कळविल्यानंतर मात्र उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक डोस पोहोचता कामा नये. पण ही मर्यादा लागू होते ती कळविल्यानंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकांत आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे. त्याचा आशय असा, की गर्भारपण कळविले हे त्या स्त्रीला कामावरून दूर करण्याचे कारण मानू नये. 'सांग' या अपेक्षेला 'सांगितल्याने तुझे नुकसान होणार नाही' ही हमी तेथे जोडलेली आहे. माझ्या शुश्रूषागृहात अपेक्षा होती, हमी नव्हती.

लवकर सांगण्याला एक खरी अडचण आहे आणि ती मी नाकारीत नाही. निदान झालेल्या गर्भारपणांपैकी सुमारे १० ते २० टक्क्यांत गर्भपात होतो आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सांगितल्यावर असे काही घडले, तर ते दुःखही चारचौघांत येते. चोरओटी चोरून भरण्यामागे हाच शहाणपणा असावा. परंतु गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांच्या सवेतन रजेची तरतूद कायद्यात आहे. जिने सारेच लपविले, ती ही रजा मागू शकत नाही आणि रक्तस्राव पुरता थांबण्याआधी कामावर हजर होते. अशा स्त्रिया मी तपासल्या आहेत.

कायद्याने 'अमुक आठवड्यात सांगा' असे बंधन घातलेले नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने रजेसाठी लेखी सूचना देण्यास सांगितले आणि ती प्रसूतीपूर्वी देता आली नाही, तर नंतरही देता येते असे म्हटले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आहेत. गरोदरपणाच्या कारणावरून नोकरीवरून काढणे बेकायदा आहे. १९९१ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका परिवीक्षाधीन कर्मचारी स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घेण्यास सांगितले. अर्जातील पाळी आणि गर्भारपणाविषयीचे प्रश्न स्त्रीच्या आत्मसन्मानाला धक्का देणारे आहेत, असे मत न्यायालयाने नोंदविले. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळतो, हे २००० मध्ये ठरले. २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात, कंत्राट संपल्यानंतरही लाभ देय राहतो, असे न्यायालयाने सांगितले.

तथापि ही कायद्याची छाया दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पडते. आपल्या मंडळातील कित्येक सभासदांच्या दवाखान्यांत पाच-सातच माणसे काम करतात. तेथे कायदा पोहोचत नाही, डॉक्टरांची सदसद्विवेकबुद्धी तेवढी पोहोचू शकते. २६ आठवड्यांचा पगार आणि शिवाय बदलीच्या मुलीचा पगार हा भार लहान मालकाला जड आहे, हे मी स्वतः सोसून जाणते. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असेल तर हा लाभ योजनेकडून मिळतो, नसेल तर सारे मालकाच्या शिरावर येते. शासनाने याचा वाटा उचलावा, अशी मागणी आपण अवश्य करावी. पण ती मान्य होईपर्यंत आपल्या मुलींनी एप्रनखाली पोट लपवीत उभे राहावे, हे मला मान्य नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना मी आता असे सांगते. काम धोक्याचे असेल, तर चाचणी सकारात्मक आल्याच दिवशी सांगा, पण एकाच जबाबदार व्यक्तीला आणि लेखी. काम निर्धोक असेल, तर अकरा ते तेरा आठवड्यांच्या सोनोग्राफीपर्यंत थांबण्यास हरकत नाही. निर्णय तुमचा. मात्र विसाव्या आठवड्याच्या पुढे लांबवू नका, बदली माणूस शोधण्यास मालकालाही अवधी हवा. मुलाखतीत हा प्रश्न कोणी विचारलाच, तर उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही.

आणि मालक म्हणून मी स्वतःसाठी काही नियम केले, ते कामाच्या खोलीत लिहून लावले आहेत. मुलाखतीत लग्न, मूलबाळ यांविषयी विचारायचे नाही. जिने सांगितले तिचे नाव दुसऱ्या कोणापाशी काढायचे नाही. हजेरीपटावरील ड्यूटी कारण न देता बदलायची. पगार आणि जागा दोन्ही राखायची. बदलीवर येणाऱ्या मुलीला मुदत आधीच सांगायची. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजा, कायदा लागू असो वा नसो. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने, निदान ज्यांच्याकडे क्ष-किरण यंत्र किंवा शस्त्रक्रियागृह आहे त्यांनी, हे नियम स्वीकारावेत असे मी नम्रपणे सुचविते. यास खर्च लागतो तो नंतरच्या नियमांना. पहिले दोन फुकट आहेत.

नियम लावून पहिले वर्ष कोणी काही बोलले नाही. भिंतीवरच्या कागदावर लोक लगेच विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवू नये हेही योग्यच. मग एका मुलीची रजा पुरी झाली आणि ती आपल्याच जागेवर परतली, हे सर्वांनी पाहिले. त्यानंतर काही महिन्यांनी वॉर्डमधील एक सिस्टर संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, "मॅडम, सहावा आठवडा आहे. अजून सासूबाईंनाही सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशीपासून हजेरीपटावर तिचे नाव शस्त्रक्रियागृहाच्या रकान्यातून बाह्यरुग्ण विभागाच्या रकान्यात गेले. कारण कोणी विचारले नाही.