खाडीचे पक्षी आणि भरतीची वेळ

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जयनगर ही वसाहत १९४८ साली वसविण्यास आरंभ झाला. तिच्या उत्तरेस लालबाग हे जुने उद्यान असून त्यात एक मोठा तलाव आहे. पाणकावळे, वंचक, खंड्या, जांभळ्या पाणकोंबड्या हे तेथे पाहावयास मिळणारे पक्षी होत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पक्षिनिरीक्षकांनी लालबागेत जमावयाचे, ही प्रथा १९७० नंतरच्या दशकापासून चालत आली आहे. जयनगरच्या विद्यार्थ्याला पक्ष्यांची पहिली ओळख व्हावी, अशीच ही जागा आहे.

तलावाचा एक गुण असा की, सकाळी जेथे पाणी असते तेथेच ते संध्याकाळीही असते. त्यामुळे निरीक्षकाने आपल्या सवडीची वेळ निवडावी, तलाव त्याची वाट पाहत असतो. समुद्रकाठी मात्र हीच सवय पाहुण्याला फसविते.

हिवाळ्यात मुंबईस आलेला असा पाहुणा ठाण्याच्या खाडीवर जातो. तेथील रोहित पक्ष्यांची, म्हणजेच अग्निपंखांची वा फ्लेमिंगोंची, कीर्ती त्याने ऐकलेली असते. ऐन ओहोटीस पोहोचला तर त्याच्यासमोर दूरवर चिखल पसरलेला असतो व क्षितिजाशी एक अस्पष्ट गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीस पोहोचला तर नुसतेच पाणी दिसते, पक्षी कोठेही नसतात. दोन्ही प्रसंगी निराश होऊन तो परततो. येथे दोष खाडीचा नव्हे. दुर्बीण घेण्यापूर्वी भरतीची वेळ पाहिली पाहिजे, एवढी गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

पाणी ओसरले म्हणजे उघडा पडणारा चिखल हे या पक्ष्यांचे ताट आहे. त्यात किडे, कृमी, शिंपले व सूक्ष्म शैवाल यांची दाटी असते. छोटे टिलवे आपल्या आखूड चोचीने वरचा थर टिपतात, तर अर्ध्या वितेहून लांब चोचीचे पक्षी खोल बिळांतील कृमी ओढून काढतात. एकाच चिखलावर अनेक जाती नांदू शकतात त्या या वाटणीमुळे. रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी व गाळ आत घेतो आणि जिभेने ते बाहेर लोटतो. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक गाळणीत अन्न तेवढे अडकते. लहान रोहिताचे मुख्य अन्न नीलहरित शैवाल असून त्याच्या पिसांचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो.

हे ताट केव्हा वाढले जाते व केव्हा उचलले जाते, हे कोकणातील कोळी पंचांगावरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. चतुर्थीस सुमारे तीन वाजता भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस भरती सहा वाजता व ओहोटी बाराला. चंद्राच्या गतीमुळे ही वेळ दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. पाणी चढू लागले की चिखल आक्रसतो व पक्षी काठाकडे सरकतात. काठावर शांतपणे उभे राहणाऱ्यास ते जवळून दिसतात ते याच वेळी.

परंतु प्रश्न केवळ पाहुण्याच्या सोयीचा नाही. पूर्ण भरतीस ताट पाण्याखाली गेल्यावर सहस्रावधी पक्ष्यांना विसाव्यासाठी उथळ पाणथळ हवी असते. अशा जागा खाडीच्या पूर्वेस नेरूळ, उरण या भागांत आहेत. भरतीस तेथे पक्ष्यांची गर्दी होते, ओहोटीस त्या जवळजवळ ओस पडतात. ओहोटीच्या वेळी पाहणी करणाऱ्यास तेथे चिखल आणि गवत एवढेच दिसणार आणि तो त्या जागेस ‘पडीक’ म्हणणार. पडीक ठरलेल्या जमिनीवर भराव पडण्यास विलंब लागत नाही. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली तरी परिणाम तोच होतो.

ठाणे खाडीचा १६९० हेक्टर भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली पाणथळींविषयीच्या रामसर कराराच्या यादीत या खाडीचा समावेश झाला. हे मोठेच कार्य होय. तथापि पक्ष्याचा दिवस दोन जागी विभागलेला असताना, जेवणाची जागा राखून निजण्याची जागा सोडून देणे हे अर्धेच संरक्षण ठरते.

यावर कोणी म्हणेल की, वाढत्या नगरास जमीन हवी आणि पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण दुसरीकडे म्हणजे नेमके कोठे, याचे उत्तर आक्षेपकाने द्यावयास हवे. दर भरतीस दूर उडत जावे लागले तर कच्छच्या रणातील विणीसाठी साठविलेली शक्ती त्यात खर्च होते. मे २०२४ मध्ये घाटकोपरनजीक विमानाच्या आघाताने तीसहून अधिक रोहित पक्षी मरण पावले. विसाव्याच्या जागा अशांत झाल्याने त्यांचा मार्ग बदलला, असे काहींचे मत पडले. एका घटनेवरून कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात आणि त्यांची उणीव येथेच भासते.

ही उणीव पाहुणे व विद्यार्थी काही अंशी भरून काढू शकतील. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने ऐरोली येथे उभारलेल्या केंद्रातून बोटीने खाडी पाहता येते. ती फेरी आनंदाची खरीच, पण तिच्यावर थांबू नये. बोट थव्यात घालावयाची नाही आणि उडणारे थवे पाहण्याच्या हौसेने पक्ष्यांना उठवावयाचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की, एकच जागा ओहोटीस एकदा व भरतीस एकदा पाहावी आणि तिथी, वेळ, पक्ष्यांची जात व अदमासे संख्या वहीत उतरवावी. किनाऱ्यालगतच्या शाळांनी महिन्यातून दोन दिवस जरी हे केले, तरी थोड्याच वर्षांत त्या जागेचा विश्वासार्ह इतिहास तयार होईल. लालबागेतील दुसऱ्या रविवारचे मोल याच नियमितपणात आहे.

एकदाच येऊन पाहणाऱ्याला खाडी ओसाड वाटते आणि एकदाच येऊन मोजणी करणाऱ्याला पाणथळ पडीक वाटते. दोघांची चूक एकच आहे. ती सुधारण्यास लागणारी साधने म्हणजे एक वही, एक पंचांग आणि सहा तास वाट पाहण्याची तयारी.