रुप्याचें शहर

बोलिव्हिया देशांतील शहरें आमचे विद्यार्थी चटकन् पाठ करितात: सुक्रे ही घटनेनें ठरलेली राजधानी, ला पाझ हें सरकारचें ठाणें, सान्ता क्रूझ हें लोकवस्तीनें सर्वांत मोठें. पोतोसी हें नांव मात्र शेवटीं येतें किंवा गळतें. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

सुमारें ४,००० मीटर उंचीवरील या शहराच्या डोंगरांत इ. स. १५४५ मध्यें रुपें सांपडलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं येथील वस्ती लाखावर गेली होती. स्पेनच्या राजसत्तेनें ‘मिता’ नांवाची वेठ लादून गांवोगांवच्या मूळ रहिवाशांस या खाणींत उतरविलें. कित्येक तेथून परतलेच नाहींत. त्याच रुप्यानें युरोपांतील पेढ्या भरल्या आणि चर्चमधील वेद्याही मढविल्या गेल्या! हें चालूं देणारे स्वतःस ख्रिस्ताचे म्हणवीत होते, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती शिक्षकांनीं वर्गांत लपवूं नये. आजही त्या डोंगरांत मजूर धूळ गिळीत खणीत आहेत.

शहराचा मोठेपणा केवळ माणसें मोजून शिकवूं नये. तें कोणाच्या घामानें उभें राहिलें, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं आधीं विचारावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.