अर्ज आणि आर्जव

भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. व्यवहारातील मराठीत ‘आर्जव’ म्हणजे विनवणी, काकुळती. आपल्या शास्त्रात मात्र आर्जव म्हणजे ऋजुता. मन, वचन आणि काया यांत वाकडेपणा नसणे. या दोन अर्थांतील अंतर गतवर्षी याच दिवशी एका तरुणाच्या निमित्ताने मनावर ठसले.

प्रवचन आटोपल्यावर वसतिगृहातील एक विद्यार्थी मंदिराच्या ओसरीवर भेटला. यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा. त्याच्या महाविद्यालयात कंपन्यांच्या निवडफेऱ्या आठवड्याभरात सुरू व्हायच्या होत्या. त्याने आपला बायोडेटा वाचण्यासाठी पुढे केला. त्यात ‘कारखान्यात दोन महिन्यांचे उन्हाळी प्रशिक्षण’ अशी ओळ होती. ‘‘तेथे काय शिकलास?’’ असे सहज विचारले, तर तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘‘काका, मी गेलोच नव्हतो. पण पान रिकामे दिसते. सगळेच असे काहीतरी लिहितात.’’

रागावणे सोपे होते. पण ते पान रिकामे का राहिले, याचा विचार करता दोष एकट्या त्याचा वाटेना. तीन वर्षे घरातून त्याला एकच प्रश्न विचारला गेला होता : गुण किती पडले? चौथ्या वर्षी अचानक प्रश्न बदलला : नोकरी कधी लागणार? या दोन प्रश्नांच्या मध्ये जी वाट चालावी लागते, तिच्याविषयी कोणी बोललेच नव्हते.

नोकरीचा अर्ज शेवटच्या वर्षी पाठविला जातो. लिहिला मात्र जातो पहिल्या वर्षापासून. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने आपली आवड आणि कुवत यांचा शोध घ्यावा, अभ्यासाचा पाया पक्का करावा आणि एखादा विषय मागे राहू देऊ नये. कारण अनेक कंपन्या गुणांची किमान अट ठेवतात आणि अनुत्तीर्ण विषय शिल्लक असलेल्यास परीक्षेलाही बसू देत नाहीत. दुसऱ्या वर्षी अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे कौशल्य हाती घ्यावे आणि आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोन-चार वडीलधाऱ्यांना भेटून त्यांचा दिवस कसा जातो हे विचारावे. समाजात अभियंते, सनदी लेखापाल, डॉक्टर, उद्योजक पुष्कळ आहेत. लग्नसमारंभात त्यांना नमस्कार करून आपण पुढे जातो, हीच आपली चूक. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यासाठी प्रशिक्षणाचे अर्ज सुट्टीपूर्वी काही महिने आधीच करावेत. चौथ्या वर्षी मग केवळ मांडणी उरते.

हे सारे लक्षात कसे ठेवावे? आपल्या परंपरेत पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण आहे. त्याचा हेतू आत्मशुद्धीचा, हे खरेच. पण ठरावीक काळाने मागे वळून स्वतःस तपासण्याची ती शिस्त विद्यार्थ्याच्याही कामी येते. एक साधी वही करावी. दर पंधरवड्याला नवे काय शिकलो, कोणते काम पुरे केले, कोठे चुकलो, एवढे चार ओळींत लिहावे. दर चार महिन्यांनी ती वाचून पुढचा बेत बदलावा. अर्ज लिहिण्याची वेळ येईल तेव्हा हीच वही खरे बोलेल. कल्पनेला काम उरणार नाही.

ज्यांना फीसाठी राबावे लागते, त्यांनी त्या कष्टाचा संकोच धरू नये. कुंभोजला 1887 साली जन्मलेल्या आपल्याच कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापून श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात किंवा कार्यालयात केलेले ते काम अर्जात अवश्य लिहावे. ठरलेल्या वेळी येणारा, सोपविलेले काम पुरे करणारा उमेदवार कोणाला नको असतो?

त्या विद्यार्थ्याला एवढेच विचारले की, गेल्या दोन वर्षांच्या सुट्ट्यांत तू खरोखर काय केलेस? तो म्हणाला, ‘‘काही नाही. बाबांच्या अडत दुकानात बसत होतो.’’ खोदून विचारल्यावर कळले की, हळदीच्या आवक-जावकेची वही त्याने संगणकावर आणली होती आणि पोत्यांचा हिशेब रोज कोठे चुकतो हेही शोधून काढले होते. हे त्याला ‘काही’ वाटतच नव्हते! खोटी ओळ खोडून त्या जागी आम्ही हे लिहिले : काम कोणते, अडचण काय होती, आपण काय केले, फरक काय पडला.

यापुढची हकिगत चमत्काराची नाही. पहिल्या दोन कंपन्यांनी त्याला घेतले नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीत त्या पोत्यांच्या हिशेबावरच बराच वेळ बोलणे झाले. तरीही निवड झाली नाही. पदवीनंतर त्याने 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका कारखान्यात वर्षभराचे सवेतन प्रशिक्षण पत्करले आणि आता तो तेथे यंत्रांच्या देखभालीच्या विभागात शिकतो आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘काका, कोणी कागदपत्रे तपासायला मागितली, तर आता छातीत धस्स होत नाही.’’ खोट्या अनुभवाची नोंद उघडकीस आली तर मिळालेली नेमणूकही रद्द होऊ शकते, हे व्यवहाराचे भय झाले. त्याहून मोठी गोष्ट त्या निर्धास्तपणात आहे. पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त गृहस्थाची लक्षणे सांगताना न्यायाने मिळविलेले धन आरंभीच ठेवले आहे. त्या न्यायाची पहिली परीक्षा पगाराच्या दिवशी होत नाही. ती अर्जाच्या कागदावर होते.

पालकांना विनंती अशी की, या पर्वात आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींना गुणांऐवजी एकदा विचारून पाहावे : या चार महिन्यांत नवे काय शिकलास, काय शिकलीस? उत्तर तोकडे आले तरी रागावू नये. पान भरण्यास अजून अवधी आहे, एवढे त्यांना कळले तरी पुरे. ज्याचे पान खरेपणाने भरलेले आहे, त्याला अर्ज करताना कोणाचे आर्जव करावे लागत नाही. त्याच्या अर्जातच आर्जव असते.