विश्लेषण : डॉक्टरांची ‘वार्षिक वर्गणी’ भरावी का? नागपूरकरांच्या कामाचे कार्ड कोणते?

मुलगा पुण्यात नाहीतर बंगळुरूत, आईवडील मनीषनगरात नाहीतर त्रिमूर्तीनगरात. वडिलांना बीपी, आईला शुगर. अशा घरांतली मुले हल्ली आईवडिलांच्या नावाने मोबाइलवरूनच एखादी ‘हेल्थ मेंबरशिप’ घेऊन टाकतात. वर्षाचे पैसे एकदा भरायचे, मग डॉक्टरांचा सल्ला ‘फ्री’ आणि तपासण्या सवलतीत. जाहिरातीत सगळे सोपे दिसते. पण सदस्यत्व या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जात आहेत आणि चुकीचे कार्ड निवडल्याचे बहुतेकदा रात्री दोन वाजताच कळते.

हा विमा आहे का?

नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. नेहमीचा मेडिक्लेम रुग्णालयात किमान २४ तास दाखल झाल्यावर (किंवा ठराविक डे-केअर उपचारांना) पैसे देतो. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले पाच लाखांचे संरक्षणही प्रामुख्याने रुग्णालयातल्या उपचारांसाठीच आहे. बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी, तापासाठी गाठलेला कोपऱ्यावरचा दवाखाना हे सगळे खिशातून. देशाच्या २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतः उचलला. सदस्यत्वाचा बाजार याच भगदाडात उभा राहिला आहे.

भगदाड खरे असले तरी सदस्यत्व रुग्णालयाचे बिल भरत नाही. त्यामुळे मेडिक्लेम बंद करून त्या पैशांत मेंबरशिप घेण्याचा हिशेब साफ चुकीचा ठरतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्याने ‘हप्ता परवडत नाही’ ही सबबही थोडी लंगडी झाली आहे.

मग पैसे नेमके कशाचे?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला सवलतीचा. अपोलो २४/७ चे ‘सर्कल’ किंवा टाटा वनएमजीचा ‘केअर प्लॅन’ यांचा मुख्य भर औषधे आणि तपासण्यांवरच्या सवलतीवर असतो. महिन्याला दोन-तीन हजारांची औषधे लागणाऱ्या घरात ही वर्गणी सहज वसूल होते. पण ते किराणा दुकानाचे कार्ड आहे, डॉक्टर नव्हे. ग्राहक जितक्या जास्त तपासण्या करेल, तितका विकणाऱ्याचा फायदा.

दुसरा प्रकार व्हिडिओ सल्ल्याचा. वर्षभर कितीही वेळा बोला, पण समोर दर वेळी नवा डॉक्टर. सर्दी-खोकल्याला हे ठीक. मात्र मार्च २०२० च्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार काही औषधे दूरस्थ सल्ल्यावर लिहूनच देता येत नाहीत, आणि सल्ला किंवा चिठ्ठी देण्याचे काम सॉफ्टवेअरने परस्पर करण्यासही मनाई आहे. चॅटमधून उत्तर देणारा माणूस आहे की यंत्र, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी दिसतो आणि खरा कामाचा तोच. ठराविक दवाखाना, ठराविक डॉक्टर, त्याच्याकडे कुटुंबाची नोंद, आणि महिन्याच्या किंवा वर्षाच्या रकमेत हव्या तितक्या भेटी. जुन्या फॅमिली डॉक्टरचीच ही नवी आवृत्ती. बारा वर्षांपूर्वी बायपास झाल्याचे आणि अमुक गोळीने अंगावर पुरळ उठते हे त्याला आठवते. ॲपमधल्या पाचव्या डॉक्टरला ते प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते.

नागपूरला हे नवे आहे का?

अजिबात नाही. कामगार राज्य विमा योजना १९५४ मध्येच नागपुरात आली. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिलचे भोंगे वाजत होते, तो हा काळ. महिन्याला पगारातून ठराविक टक्का कापायचा आणि कामगारासह कुटुंबाला दवाखाना, औषधे, रुग्णालय द्यायचे, अशी तिची रचना. आज कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. हिंगणा किंवा बुटीबोरीत १८ हजार पगार असलेल्याचे १३५ रुपये जातात, मालकाचे ५८५. एकूण ७२० रुपयांत दारच्या दवाखान्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे. खासगी बाजारात या भावात असे काही मिळत नाही.

अडचण पगारवाढीला येते. २०१७ पासून पात्रतेची मर्यादा २१ हजार रुपये आहे. पगार २२ हजार झाला की चालू वर्गणी-काळ संपल्यावर कामगार योजनेबाहेर पडतो आणि घरातली बीपी-शुगरची औषधे अचानक खिशातून घ्यावी लागतात. हजार रुपयांची वाढ कुठे गेली ते कळत नाही. एचआरशी पगाराची बोलणी करताना हा हिशेब मांडायला हवा. तो क्वचितच कुणी मांडतो.

या योजनेतली ‘पॅनेल डॉक्टर’ पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. मुंबईत वर्षानुवर्षे खासगी डॉक्टरांकडे कामगारांची नावे नोंदवली गेली आणि डॉक्टरांना डोईमागे ठरलेली रक्कम मिळत गेली. रुग्ण दहा वेळा येवो की एकदाही न येवो. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांचे उत्पन्नही मोठ्या प्रमाणात याच तत्त्वावर चालते. अशा डॉक्टरला विनाकारण तपासण्या लिहून काही मिळत नाही. पण डोकी जास्त आणि वेळ कमी झाला की रुग्णाला दोन मिनिटांत वाटेला लावण्याचा मोह होतो. म्हणून सदस्यत्व घेताना ‘किती स्वस्त’ याआधी ‘एका डॉक्टरमागे किती कुटुंबे’ हे विचारायचे. याचे उत्तर देता येत नसेल, तर तो दवाखाना कॉल सेंटरसारखाच चालणार.

केंद्रीय निवृत्तांनी काय करावे?

नागपुरात केंद्र सरकारची कार्यालये भरपूर. त्यामुळे सीजीएचएस हा इथल्या हजारो घरांचा विषय आहे. २०१७ च्या दरांनुसार महिन्याची वर्गणी वेतनस्तराप्रमाणे २५०, ४५०, ६५० किंवा १,००० रुपये. निवृत्तांना दहा वर्षांची रक्कम एकदम भरून आजीव कार्ड घेता येते. ६५० च्या गटात वर्षाचे ७,८०० आणि एकरकमी ७८ हजार. साठाव्या वर्षी भरले तर सत्तरीनंतरचे प्रत्येक वर्ष मोफत. रक्कम हाताशी असेल तर यात फार विचार करण्यासारखे काही नाही.

वेलनेस सेंटरवरची रांग आणि ‘औषध आले नाही, उद्या या’ हे त्रास खरे आहेत. पण त्यांना कंटाळून सत्तरी ओलांडलेले काहीजण जो बदल करू पाहतात, तो घातक ठरू शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते. मात्र सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी असल्यास दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. पाच लाखांचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात दरमहाची औषधे नाहीत आणि बाह्यरुग्ण तपासणीही नाही. सीजीएचएस सोडून हे कार्ड घेणे म्हणजे रोज लागणारी छत्री देऊन पुरात लागणारी होडी घेणे. शिवाय होडी आधीच्या कार्डातही आहेच.

भंडारा किंवा वर्ध्यासारख्या ठिकाणी, म्हणजे सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांना महिन्याला १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता घेता येतो, आणि रुग्णालयातल्या उपचारांपुरते सीजीएचएस कार्ड ठेवण्याचाही पर्याय असतो. गावातच चांगला डॉक्टर असेल, तर हीच जोडी सोयीची.

आगाऊ पैसे बुडाले तर?

अमेरिकेत विमा कंपनीला वगळून थेट डॉक्टरला मासिक फी देण्याची पद्धत गेली दोन दशके वाढते आहे. २०२६ पासून तिथल्या करसवलतीच्या आरोग्य खात्यातून एका व्यक्तीसाठी महिन्याला १५० डॉलरपर्यंतची अशी फी भरता येते. पण या पद्धतीचे सुरुवातीच्या काळातले गाजलेले नाव, सिएटलची ‘क्लायन्स’ कंपनी, २०१७ मध्ये बंद पडली. गाजावाजा झालेली कंपनीही टिकेलच असे नाही. म्हणून नवख्या दवाखान्याला तीन वर्षांचे ‘ऑफर’मधले पैसे देण्यापेक्षा महिन्याचे किंवा फार तर तिमाहीचे दिलेले बरे, चार पैसे जास्त पडले तरी.

रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर कार्डावरचा नंबर कोण उचलणार, हे पैसे भरण्याआधी स्वतः रात्री फोन करून पाहता येते. तसा त्रास प्रत्यक्ष झालाच, तर मात्र ॲप उघडत न बसता १०८ फिरवून मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे. साध्या दुखण्यासाठी ‘आपला दवाखाना’ दुपारी दोन ते रात्री दहा मोफत सुरू असतो. दिवसा कामावर असणाऱ्यांना ही वेळ सोयीची.

कबूल केलेली सेवा मिळाली नाही, तर सदस्यत्वाची तक्रार विमा लोकपालाकडे चालत नाही, कारण तो विमाच नाही. दाद मागायची ती ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी नागपुरात. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी पावती आणि अटींची प्रत जपून ठेवावी लागते. ॲपमधल्या अटी कधीही बदलू शकतात, तेव्हा पैसे भरले त्या दिवशीच त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.