शेवट ठाऊक असलेली कथा

‘शेवट आधींच ठाऊक असतां पूर्वकथा पाहण्यांत हंशील तें काय?’ येथील महाविद्यालयांत परवां एका सहकाऱ्यानें हा प्रश्न मोठ्या आत्मविश्वासानें टाकला आणि बहुतेकांनीं माना डोलावल्या. विषय होता ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या दुसऱ्या भागाचा. हें मत सुशिक्षितांत इतकें रूढ झालें आहे, कीं त्याचा प्रतिवाद करणें अवश्य वाटतें.

२०१६ सालीं झी मराठीवर ही मालिका सुरू झाली, ती आकेरीच्या नाईकांच्या वाड्यांत अण्णांच्या मृत्यूनें. जानेवारी २०१९ मध्यें आलेल्या दुसऱ्या भागानें काळ मागें नेला व अण्णा हयात असतांनाची हकीकत मांडली. मृत्यू ठाऊक, तेव्हां रहस्य संपलें, असें आक्षेपकांचें म्हणणें.

मग सिंदफणेच्या काठच्या या माजलगांवांत हरिश्चंद्राचें आख्यान ऐकावयास लोक मध्यरात्रीपर्यंत कां बसतात? राजाला राज्य परत मिळणार, हें मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतें. तरीही तारामतीवर खड्ग उगारलें गेलें, कीं मंडपांतील बायाबापड्यांचे डोळे पाझरतात. ‘काय झालें’ हें कुतूहल एकदांच भागतें; ‘कसें झालें’ हें पुन्हां पुन्हां ऐकावेंसें वाटतें.

पूर्वकथेची खरी कसोटी निराळीच आहे: मागें वळून ती कोणाच्या शेजारीं जाऊन बसते? अमेरिकेंत १९९० सालीं ‘ट्विन पीक्स’ ही मालिका लॉरा पामर या मुलीच्या प्रेतापासून सुरू झाली. १९९२ सालीं डेव्हिड लिंच यांनीं तिची पूर्वकथा ‘फायर वॉक विथ मी’ या चित्रपटांत सांगितली. त्या वेळीं तिकडील बहुतेक समीक्षकांनीं त्याची हेटाळणीच केली. मोल पुढें कळूं लागलें. मालिकेंत जी मुलगी केवळ एक कोडें होऊन राहिली होती, ती येथें अखेरच्या सात दिवसांत घरच्याच माणसाचा अत्याचार सोसतांना दिसते. कोडें सुटल्यावर माणूस दिसलें.

आमच्या मालिकेनें मागें वळून हात धरला तो जुलूम करणाराचा. माधव अभ्यंकर यांनीं अण्णांचा दरारा आणि अपूर्वा नेमळेकर यांनीं शेवंतेची मोहिनी इतकी उत्तम उभी केली, कीं आमच्या आळींतील पोरें अण्णांची नक्कल करूं लागलीं, आणि वडील मंडळी कौतुकानें हंसूं लागली. शकुंतला नरे यांच्या माईची नक्कल कोणी केल्याचें मीं पाहिलें नाहीं. त्यांत रोजच्या भागांचा लोभ. लिंच यांना सव्वादोन तास पुरले. येथें टाळेबंदीचा खंड पडूनही कथा ऑगस्ट २०२० पर्यंत लांबली. कंटाळा आला असेल तर तो या पाल्हाळाचा. शेवट ठाऊक असण्याकडे त्याचा बोल लावूं नये.

तर मग ही पूर्वकथा पाहावी कीं न पाहावी? माझें उत्तर, अवश्य पाहावी; मात्र माईवर नजर ठेवून. पहिल्या भागांत वाड्यांत दाटलेलें भय या घरांत कोणी आणि कसें पेरलें, हें तिच्या चेहऱ्यावर वाचावयास मिळतें. जो अण्णांच्या दरडावण्यावरच भाळेल, त्यानें ती न पाहिलेलीच बरी.

शेवट ठाऊक असण्यानें कथेचें कांहीं बिघडत नाहीं. सारी सुरुवात डोळ्यांनीं पाहूनही अपराधी कोण हें आपल्याला उमगूं नये, यानें मात्र बिघडतें. आणि त्याचा दोष मालिकेइतकाच आपल्याही माथीं आहे.