संघानें आपला हिरा सोडावा काय?

पाऊस उघडून मैदान वाळूं लागलें कीं भंडारदऱ्याच्या ह्या डोंगराळ मुलखांत आमच्या विद्यार्थ्यांस कबड्डीवांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. मधल्या सुट्टींत व्हरांड्यांत जे वाद रंगतात त्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. पुणेरी पलटणनें इराणचा मोहम्मदरेझा शादलू ह्याला सोडलें, तें बरें केलें कीं वाईट? "ज्यानें करंडक मिळवून दिला त्यालाच लिलावांत उभें केलें, ही कृतघ्नता नव्हे काय?" असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस रागानें विचारलें. त्याचा राग आम्हांस आवडला. त्याचा निकाल मात्र आम्हांस मान्य झाला नाहीं. कां, तें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २०२३ च्या लिलावांत पलटणनें शादलूसाठीं २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. डाव्या कोपऱ्यावरील त्याच्या पकडींनीं त्या हंगामांत भल्याभल्या चढाईपटूंस जेरीस आणलें, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पलटणनें प्रो कबड्डी लीगचें विजेतेपद प्रथमच मिळविलें. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याचा, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पुढील लिलावापूर्वीं पलटणनें शादलूला मोकळें केलें. ऑगस्ट २०२४ मध्यें त्याच हरियाणानें त्याला २ कोटी ७ लाखांस घेतलें, आणि डिसेंबरांत, पुण्याच्याच बालेवाडींत, हरियाणाचा संघ अजिंक्य ठरला. पलटणला त्या वर्षीं बाद फेरीहि गांठतां आली नाहीं.

एवढें ऐकून कोणीहि म्हणेल कीं पलटण फसली. परंतु क्षणभर त्या संघाच्या चालकांच्या जागीं आपण बसूं. प्रत्येक संघास सर्व खेळाडूंसाठीं मिळून ५ कोटी रुपयांची मर्यादा होती, व तेवढ्यांत निदान १८ खेळाडू बाळगावयाचे होते. एकट्यावर २ कोटी ३५ लाख खर्च केले म्हणजे बाकीच्या १७ जणांस २ कोटी ६५ लाखांत भागवावें लागतें. शिवाय संघ जिंकला कीं त्यांतील तरुणांचेंहि मोल वाढतें. थोरल्याच्या वाटींत सगळें दूध ओतलें तर धाकट्यांनीं काय प्यावें? तेव्हां मोठा खेळाडू सोडणें ही नेहमीं कृतघ्नताच असते असें नाहीं. कित्येकदां तो निव्वळ घरखर्चाचा हिशेब असतो.

दुसरी गोष्ट संघाच्या तोलाची. कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई ह्यानें २०१८ च्या हंगामांत यू मुंबाकडून चढायांचे २०० हून अधिक गुण मिळविले. यू मुंबानें त्याला सोडलें, व २०१९ मध्यें तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख रुपये दिले. तेथेंहि त्यानें २०० हून अधिक गुण केले. परंतु १२ संघांत टायटन्सचा क्रमांक ११ वा लागला. उलट यू मुंबाचा संघ त्याच्यावांचून उपांत्य सामन्यापर्यंत पोहोंचला. गुण खेळाडूबरोबर जातात. विजय त्याच्याबरोबर जातोच असें नाहीं. सात जणांच्या खेळांत एकावरच सारी भिस्त ठेवली कीं उरलेले सहा जण मैदानांत उभे राहून खेळ पाहूं लागतात.

दुखापत, वय, खेळाडूची स्वतःची इच्छा, हीं कारणें उघड आहेत. त्यांचा विस्तार करीत नाहीं. परंतु ह्या सर्व कारणांपलीकडे एक गोष्ट आहे, व तीच आम्हांस महत्त्वाची वाटते. ती म्हणजे सोडण्याची रीत. अमेरिकेंत व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें फेब्रुवारी २०२५ मध्यें डॅलस मॅव्हरिक्सनें आपला २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. बचाव बळकट करावयाचा, हें कारण सांगितलें गेलें. तें खरेंहि असेल. पण व्यवहार होईपर्यंत खुद्द डॉन्चिचला त्याची कुणकुणहि नव्हती. गांवचे प्रेक्षक खवळले ते केवळ खेळाडू गेला म्हणून नव्हे. आपल्या माणसास न विचारतां परक्याच्या हवालीं केलें म्हणून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो व्यवहार करणाऱ्या व्यवस्थापकासहि जावें लागलें. राजूरच्या प्रदर्शनांत डांगी बैलाचे दांत पाहून सौदा ठरतो, व बैलास कोणी विचारीत नाहीं. खेळाडू बैल नव्हे.

हा उपदेश आम्ही उंचावरून करीत नाहीं. आमच्या शाळेचा सर्वांत चपळ चढाईपटू एका क्रीडा वसतिगृहासाठीं निवडला गेला, तेव्हां जिल्ह्याचे सामने तोंडावर आले होते. त्याचे वडील दाखला मागावयास दोनदां आले, व दोन्ही वेळां आम्हीं कांहींतरी सबब सांगून त्यांस परत धाडलें. तिसऱ्या वेळीं ते एवढेंच म्हणाले, "गुरुजी, पोराचं भलं होत असेल तर आडवू नका." आम्हांस आमची लाज वाटली. ज्या मुलाचा आम्हांस एवढा अभिमान, त्याच्याच वाटेंत आम्ही उभे होतों! दाखला त्याच दिवशीं दिला. आमचा संघ पहिल्याच सामन्यांत हरला. परंतु ज्या दोन मुलांस तोंवर कोणी चढाईस पाठविलेंच नव्हतें त्यांस त्या सामन्यांत प्रथम संधि मिळाली, व आज तेच दोघे संघाचे आधार आहेत. येथील विल्सन धरण १९२६ मध्यें पुरें झालें. त्यांत पाणी अडवितात तें खालच्या शेतांस सोडण्यासाठींच, हें त्याच्या भिंतीजवळ राहून आम्ही विसरलों होतों.

आतां पलटणचा निकाल. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्ली येथें पलटणचा संघ अस्लमच्याच नेतृत्वाखालीं पुन्हां अंतिम सामन्यांत उतरला, व दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनीं, २८-३१ असा, हरला. इकडे हरियाणानेंहि करंडक मिळाल्यावर शादलूला सोडलें होतें, आणि गुजरातनें त्याला २ कोटी २३ लाखांस घेतलें होतें. तेव्हां एका वर्षाच्या जयापजयावरून अशा निर्णयास शहाणपणा किंवा मूर्खपणा ठरवूं नये. आमच्या तरुण मित्रांनीं तीनच प्रश्न विचारावे. सोडल्यानें मागें राहिलेल्यांचें कांहीं भलें झालें काय? जाणाऱ्यास आधीं विश्वासांत घेतलें काय? आणि जातांना त्याच्या उपकाराची आठवण ठेवली काय? तिन्हींचें उत्तर होय असेल, तर हिरा खुशाल सोडावा. त्यांतलें एकहि उत्तर नाहीं असेल, तर करंडक घरीं आला तरी त्या संघाचें कांहींतरी हरवलें आहे असें आम्ही समजूं.