पोहता येत नसलं तरी चालतं?

मालवणच्या जेटीवर, तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा देवबागला संगमाजवळ स्कूबाची चौकशी केली की दर सांगायच्या आधीच एक वाक्य कानावर पडतं: ‘पोहता येत नसलं तरी चालतं.’ पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-सांगलीची कुटुंबं याच भरवशावर नावेत बसतात. दुसरीकडे, समुद्रात कुणी दगावल्याची बातमी आली की ‘कशाला जायचं मरायला, बंदच करा हे प्रकार’ म्हणणारे पुढे येतात. मला या दोन्ही बाजू मान्य नाहीत. पहिलीने आपला जीव बिनदिक्कत दुसऱ्याच्या हातात दिला आहे, दुसरीने समुद्रच नाकारला आहे. प्रकृतीने धडधाकट माणसाला पाण्याखाली सुरक्षितपणे जाता येतं. मात्र त्यासाठी त्याला स्वतःला थोडं शिकावं लागतं. ते शिकणं दरात धरलेलं आहे अशी समजूत करून घेणं, इथेच सगळा घोटाळा आहे.

पहिल्या बाजूचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. प्रशिक्षक पूर्ण वेळ मागून सिलिंडर धरून असतो. किती खोल जायचं हे तोच ठरवतो. खोली जेमतेम पंधरा-वीस फूट आणि वेळही थोडाच. दर हंगामात असंख्य लोक असे उतरतात आणि हसत वर येतात. एवढंच नाही, तर पाडीसारख्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाही पहिल्या ओळखीच्या डाइव्हसाठी पोहण्याची परीक्षा घेत नाहीत. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं ही अट ओपन वॉटरच्या पूर्ण अभ्यासक्रमाला असते. म्हणजे ते वाक्य खोटं नाही. ते अर्धं आहे. या संस्था पोहण्याची अट सोडतात, पण त्याबदल्यात उथळ पाण्यात सराव करून घेतल्याशिवाय माणसाला खोलात नेत नाहीत. तोंडाने श्वास घेणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर पुन्हा बसवणं, कान मोकळे करणं हे सगळं आधी होतं. आपल्याकडे सवलत तेवढी आली आणि सराव बहुतेक वेळा काठावरच राहिला.

तो सराव प्रत्यक्षात कसा उरकला जातो ते नावेत बसून बघावं. किल्ल्याच्या बाजूला नाव नांगरलेली असते. पन्नाशीच्या एक बाई पंजाबी ड्रेसवरच वेटसूट चढवून काठाशी बसलेल्या असतात, आणि मागे चारजण आपल्या पाळीची वाट बघत असतात. ‘ताई, नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा. बोटांचा गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. घाबरू नका, काही होत नाही.’ ताई मान हलवतात. दोन मिनिटांत शिकवणी संपते. खाली गेल्यावर कॅमेरा समोर येतो आणि ताई, जन्मभर प्रत्येक फोटोत करतात तसा, हसून अंगठा वर करतात. पाण्याखालच्या भाषेत त्यांनी ‘मला वर न्या’ म्हटलेलं असतं. दिवसभर असे अंगठे बघणारा प्रशिक्षक ते मनावर घेत नाही, आणि त्याला दोष देणंही अवघड आहे. पण पुढच्या कुणाला खरंच गुदमरायला झालं आणि त्याने अंगठा वर केला, तर हा अंगठा फोटोतला की खरा, हे त्या प्रशिक्षकाने ओळखायचं कसं? ही खूण पक्की करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेवढाही वेळ दिला जात नाही, याचा मला राग येतो.

आता ‘आम्ही खोल नेतच नाही’ हा मुद्दा. ऐकायला तो सर्वांत बिनतोड वाटतो आणि माझ्या मते सर्वांत फसवा तोच आहे. मालवणात घेतलेलं चिप्सचं पाकीट आंबोली घाट चढल्यावर टम्म फुगतं, ते बाहेरचा दाब उतरल्यामुळे. पाण्यात हीच गोष्ट फार झपाट्याने घडते. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून १० मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होतो. पंधरा फुटांवरचा श्वास जवळजवळ दीडपट होतो. छाती भरून घेतलेली हवा कोंडून माणूस तेवढ्यातून झटकन वर आला, तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. पूर्ण भरलेल्या छातीने श्वास रोखून वर यायचं असेल तर दीड मीटरसुद्धा धोक्याचं ठरू शकतं, कारण दाबातला फरक प्रमाणाने सर्वांत जास्त असतो तो वरच्या थरातच. श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबातला पहिला नियम त्यासाठी आहे.

पाण्याची सवय नसलेल्या माणसाच्या नाकाशी पाणी आलं की तो नेमकं काय करतो? श्वास रोखतो आणि वर झेपावतो. म्हणून पोहता न येणं हा प्रश्न हातपाय मारण्याचा नाही. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं तरी शांतपणे श्वास चालू ठेवता येतो का, हा खरा प्रश्न आहे. पोहणाऱ्याला ही सवय थोडीफार आपोआप लागलेली असते. न पोहणाऱ्याला ती छातीएवढ्या पाण्यात अर्धा तास उभं राहून लावून घेता येते. मागून सिलिंडर धरणारा कितीही तरबेज असो, तुमचा श्वास तो घेऊ शकत नाही.

कानाचंही तसंच. दहा फुटांवर दाब तीस टक्क्यांनी वाढलेला असतो. मास्कला नाकाचा कप्पा असतो तो यासाठीच: बाहेरून नाकपुड्या चिमटीत धरायच्या आणि हलकेच हवा फुंकायची. दुखायला लागण्याआधी, दर दोन-तीन फुटांना. ठणका सुरू झाल्यावर जोर लावला तर पडदा फाटतो. तेव्हा थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाहीच. कोल्हापूरहून पहाटे निघून, शिंकत शिंकत पोहोचलेल्या माणसाला हे पटत नाही, ‘एवढ्या लांब आलो आहोत’ म्हणून तो उतरतो.

जाता जाता एक: त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवाच दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरखाली घेतला तर झटके येऊ शकतात. उतरवणाराच ‘ऑक्सिजन आहे, काळजी नको’ म्हणाला तर त्याचं प्रशिक्षण कुठे झालं ते विचारावं.

‘स्कूबा नको बाबा, आपण स्नॉर्केलिंगच करू, ते पोरखेळ आहे’ म्हणणारे घरोघरी असतात. त्यांच्याशी माझा वाद जरा जास्तच आहे. स्नॉर्केलिंगमध्ये बहुधा कुणाचा हात धरलेला नसतो, आणि तोंड पाण्यात घालून पालथा तरंगणारा माणूस मजेत आहे की बेशुद्ध, हे लांबून कळत नाही. हवाईमध्ये स्नॉर्केल करताना पर्यटकांचे मृत्यू होत राहिले तेव्हा तिथे त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. नळीतून हवा ओढताना पडणाऱ्या ताणामुळे काहींच्या फुप्फुसांत पाणी साचतं, दम लागतो, अंगातली ताकद जाते आणि आरडाओरडा न होता माणूस जातो, अशी शक्यता त्यातून पुढे आली. अशा प्रसंगांत बहुतेकांच्या पायाला तळ लागत नव्हता, आणि त्यांत चांगले पोहणारेही होते.

त्यामुळे ‘मला काय, मी विहिरीत पोहत मोठा झालो’ म्हणणाऱ्यांनाही सूट नाही. दम लागतोय असं वाटताच थांबायचं, उताणं व्हायचं, नळी काढून टाकायची आणि हाक मारायची. लाइफ जॅकेट घालायचं, जोडीदाराला नजरेच्या टप्प्यात ठेवायचं आणि पहिला सराव तळ लागेल तिथेच करायचा. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची जी सवय तरुण पोरांना असते, ती तर जीवघेणी आहे. त्याने शरीरात ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, त्यामुळे श्वास घ्यायची निकड जाणवायच्या आतच शुद्ध हरपते.

आता ‘बंदच करा’वाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांचा जीव गेला, हे त्यांचं सर्वांत मोठं उदाहरण. दुःख खरं आहे. पण ती दुर्घटना पाण्याखाली घडली नव्हती, नावेत घडली होती. त्यातून शिकायचं ते नावेबद्दल: किती माणसं बसवली, जॅकेट जाताना आणि येतानाही अंगावर बांधलेलं आहे का, हवामानाचा इशारा काय आहे. पाण्याखालचं जग बघूच नका, असा अर्थ त्यातून निघत नाही. मालवणचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो तिथल्या प्रवाळांमुळे आणि जीवसृष्टीमुळे. ज्या पोरांनी हा तळ डोळ्यांनी पाहिला, त्यातली काही पुढे त्याच्या बाजूने उभी राहतील. मच्छी कमी झाल्यावर मालवणच्या कितीतरी तरुणांना याच धंद्याने गावात ठेवलं. बंदी घातली तर चोरून चालेल, आणि चोरून चाललेल्या धंद्यात ना विमा असतो ना कुणाचं प्रमाणपत्र.

या धंद्यातल्या पोरांवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही ते आणखी एका कारणाने. किनाऱ्यावर आपण काय करतो? दोनशे रुपयांसाठी चार ठिकाणी घासाघीस करतो आणि व्हिडिओ देणार का, हे पहिलं विचारतो. पाणी गढूळ आहे, वारा सुटलाय, आज नेत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी भांडून शेजारच्याकडे जातो. नाही म्हणणारा उपाशी राहतो आणि नेणारा कमावतो. ही निवड आपणच करतो. ‘आज नाही’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम पुढच्या वेळेसाठी ठेवू द्या, आणि पुढच्या वेळी त्याच्याचकडे जा.

तब्येतीचा कागदही आपणच खोटा भरतो. दमा, अँजिओप्लास्टी, फिट्स, गरोदरपण या सगळ्यांपुढे न वाचता ‘नाही’ लिहून सही ठोकायची, कारण ‘हो’ लिहिलं तर नेणार नाहीत. तो कागद दुकानदाराच्या बचावासाठी नाही, डॉक्टरला विचारून यायची ती सूचना आहे.

उरला शेवटचा आक्षेप: इतकं सगळं करायचं तर सुट्टीचा दिवस जातो. जातोच, आणि तो द्यावा. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी तळ लागेल अशा पाण्यात मास्क लावून सराव करावा. रात्री दारू नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, दुपारचा वारा सुटायच्या आत, एका प्रशिक्षकामागे एकच माणूस या हिशेबाने उतरावं. वर आल्यावर लगेच घाट किंवा विमानतळ गाठू नये. एका साध्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबावं, असं डाइव्हिंगचे वैद्यकीय जाणकार सांगतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला तेवढा वेळ लागतो. पंधरा फुटांवर थोडा वेळ घालवणाऱ्याला हा धोका फार कमी, पण अंदमानला किंवा नेत्राणीला दिवसभर खोल डाइव्ह करणाऱ्याला खराखुरा आहे, आणि सुमारे ७०० मीटर उंचीचं आंबोलीही त्याच हिशेबात धरावं. दुसरी रात्र मालवणातच काढा. घाट तिसऱ्या दिवशी सकाळी चढा.